अंतर्गत शेअर्ड ड्राइव्ह आणि क्लाउड सेवा : सुरक्षित जोडणीचे तत्त्व व व्यवहार

प्रस्तावना

महाविद्यालयीन कार्यालयाचे दप्तर आज दोन ठिकाणी विभागलेले आढळते. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीच्या याद्या, अंतर्गत गुणांची पत्रके, सेवापुस्तकांच्या प्रती आणि जमाखर्चाचे तक्ते हे कार्यालयातील एखाद्या सर्व्हरवर, सर्व संगणकांना दिसेल अशा सामायिक फोल्डरमध्ये साठविलेले असतात. कर्मचारी त्यास शेअर्ड ड्राइव्ह अथवा संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या अक्षरावरून नुसते 'झेड ड्राइव्ह' म्हणतात. दुसरीकडे ई-मेल, ऑनलाइन अर्ज, विभागांचे अहवाल आणि नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालासाठी लागणारे पुरावे गूगल वा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर गेलेले असतात. या दोन काठांमधील पूल म्हणून अजूनही पेन ड्राइव्हच वापरला जातो. लिपिक फाईल शेअर्ड ड्राइव्हवरून उतरवून घेतो, क्लाउडवर चढवितो, तेथे दुरुस्ती होते आणि ती दुरुस्ती मूळ फाईलपर्यंत पोहोचतेच असे नाही. एका गुणवत्ता यादीच्या तीन प्रती तयार होतात व त्यांपैकी अंतिम कोणती, हे सांगणे अवघड होऊन बसते.

शेअर्ड ड्राइव्ह क्लाउड सेवेशी थेट जोडावा ही मागणी यातूनच पुढे येते आणि ती रास्त आहे. मात्र ती पूर्ण करताना 'जोडणी सुरू झाली की नाही' एवढाच विचार बहुधा केला जातो. सुरक्षिततेची चर्चा झालीच तर ती एन्क्रिप्शनभोवती फिरते. वस्तुतः मार्गावरून जाणारा मजकूर इतरांना वाचता येऊ नये अशी तजवीज करणे हा या प्रश्नातील सोपा भाग होय, व तो बऱ्याच अंशी सुटलेला आहे. खरे प्रश्न दोन आहेत. जोडणीची सुरुवात कोणत्या बाजूने होते, हा पहिला. आणि पलीकडून मागणी आल्यावर फाईल कोणाच्या अधिकाराने उघडली जाते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तंत्रज्ञ देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर प्राचार्य, कार्यालय अधीक्षक, परीक्षा विभाग आणि विभागप्रमुख यांनी मिळूनच द्यावयाचे असते. म्हणून हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागाचा मानता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

शेअर्ड ड्राइव्हचा स्वभाव

शेअर्ड ड्राइव्ह ज्या नियमसंचावर चालतो त्याचे नाव 'सर्व्हर मेसेज ब्लॉक', संक्षेपाने एसएमबी. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएममधील बॅरी फायगनबॉम यांनी त्याची मूळ रचना केली. पुढे मायक्रोसॉफ्टने तो स्वीकारून विंडोजचा अविभाज्य भाग केला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस आरंभ केलेल्या कामातून 'सांबा' हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले व विंडोज नसलेले संगणकही याच भाषेत बोलू लागले. आज बाजारात मिळणारी लहान नेटवर्क साठवण-यंत्रे आतून बहुधा सांबाच वापरतात.

हा नियमसंच एका इमारतीतील, परस्परांना ओळखणाऱ्या संगणकांसाठी घडविला गेला. दप्तरखान्यातील कपाटाला भक्कम कुलूप नसले तरी काम भागते, कारण तेथपर्यंत पोहोचण्यासाठी मुख्य प्रवेशद्वार, व्हरांडा आणि अधीक्षकांचे टेबल ओलांडावे लागते. एसएमबीची आरंभीची रचना याच गृहीतावर उभी होती. त्याच्या पहिल्या आवृत्तीत मजकुराचे एन्क्रिप्शन नव्हतेच. ते २०१२ मध्ये, विंडोज सर्व्हर २०१२ सोबत आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तथापि जुने छपाईयंत्र किंवा जुना स्कॅनर चालावा म्हणून पहिली आवृत्ती अनेक ठिकाणी नंतरही चालूच ठेवण्यात आली. क्लाउडशी जोडणी करण्याचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. घरगुती स्वभावाच्या या व्यवस्थेचा संबंध प्रथमच इमारतीबाहेरच्या जगाशी येणार असतो.

बाहेरून आत : उघड्या दाराची किंमत

सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत घातक मार्ग म्हणजे राउटरमध्ये फट ठेवणे. एसएमबीची देवाणघेवाण ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते. हे पोर्ट इंटरनेटकडून थेट सर्व्हरकडे वळविले की क्लाउड सेवा, आणि तिच्याबरोबर उरलेले सारे जग, फोल्डरच्या दारात येऊन उभे राहते. 'पासवर्ड आहे ना' हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद फसवा आहे. दोष दार उघडण्याच्या यंत्रणेतच असेल तर पासवर्ड विचारण्याची पाळीच येत नाही.

२०१७ मध्ये याची प्रचिती आली. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील एक गंभीर दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. त्याच दोषाचा गैरफायदा घेणारे 'इटर्नलब्लू' हे साधन एप्रिलमध्ये उघड झाले आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या जवळजवळ एक तृतीयांश ट्रस्टचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्ती उपलब्ध होऊन दोन महिने झाले होते. ती बसविली गेली नव्हती, एवढाच फरक. त्यानंतर २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या'ने तेच साधन आणि चोरलेले पासवर्ड यांच्या आधारे जागतिक जहाज कंपनी मर्स्कचे जाळे ठप्प केले. त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या टर्मिनललाही बसला. एका देशात सुरू झालेला बिघाड अंतर्गत जाळ्यांच्या आधारे न्हावा-शेव्यापर्यंत पोहोचण्यास काही तासही पुरले.

लहान साठवण-यंत्रांची गोष्ट वेगळी नाही. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या प्रोग्रामने इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या यंत्रांतील फाईली कुलूपबंद केल्या, तेव्हा कंपनीने ग्राहकांना राउटरवरील पोर्ट वळविण्याची सोय आणि 'यूपीएनपी' ही सुविधा बंद करण्यास सांगितले. यूपीएनपीमुळे यंत्र स्वतःच राउटरला सांगून आपल्यासाठी दार उघडून घेते. कोणी मुद्दाम काही केलेले नसते. महाविद्यालयाने काहीही जोडण्यापूर्वी राउटरमधील ही नोंद एकदा तपासणे अगत्याचे आहे.

याला एक अपवाद नोंदविला पाहिजे. एसएमबीचा मजकूर आधुनिक एन्क्रिप्टेड मार्गातून, प्रमाणपत्राच्या आधारे नेणारी 'एसएमबी ओव्हर क्विक' ही सोय विंडोज सर्व्हर २०२५ च्या सर्व आवृत्त्यांत उपलब्ध आहे. परंतु ती मुख्यतः बाहेरगावी असलेल्या कर्मचाऱ्याच्या संगणकासाठी आहे. व्हीपीएनचा बोगदा हा आणखी एक मान्य मार्ग. त्यात मजकूर सुरक्षित राहतो. मात्र बोगदा दोन संपूर्ण जाळी जोडतो. एका फोल्डरसाठी संपूर्ण जाळे जोडावयाचे आणि मग फायरवॉलने ते पुन्हा एका फोल्डरपुरते आवळावयाचे, हे काम कायमस्वरूपी नेटवर्क प्रशासक असलेल्या विद्यापीठाला झेपते. अनुदानित महाविद्यालयात असा प्रशासक सहसा नसतो.

आतून बाहेर : गेटवेची कल्पना

पोस्टमनला दप्तरखान्याची किल्ली कोणी देत नाही. महाविद्यालयाचा शिपाईच टपाल कार्यालयात जाऊन टपाल घेऊन येतो. सुरक्षित जोडणीचे पहिले तत्त्व यापेक्षा निराळे नाही. अंतर्गत जाळ्यातील एका संगणकावर एक मध्यस्थ प्रोग्राम बसविला जातो. त्यास गेटवे किंवा एजंट म्हणतात. हा मध्यस्थ स्वतः बाहेर पडून क्लाउड सेवेशी संपर्क साधतो, तो संपर्क चालू ठेवतो आणि 'काही काम आहे का' याची वाट पाहतो. क्लाउडकडून मागणी आली की ती याच चालू संपर्कातून आत येते. मध्यस्थ अंतर्गत ड्राइव्हवरून फाईल वाचतो आणि त्याच वाटेने परत पाठवितो. राउटरमध्ये बाहेरून आत येणारे एकही दार उघडावे लागत नाही. ज्या ब्रॉडबँड जोडणीत स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही तेथेही ही पद्धत चालते, हा व्यवहारातील आणखी एक लाभ.

मायक्रोसॉफ्टचा 'ऑन-प्रिमाइसेस डेटा गेटवे' याच तत्त्वावर आधारलेला आहे. तो ड्राइव्हसाठीचा पासवर्ड क्लाउडवर ठेवतो, परंतु अशा एन्क्रिप्टेड स्वरूपात की तो उलगडण्याची कळ अंतर्गत संगणकावरच असते. 'अ‍ॅझ्युर फाइल सिंक' हा एजंटदेखील वेबसाठी वापरल्या जाणाऱ्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाणाऱ्या एन्क्रिप्टेड संपर्कावर भागवितो. त्यासाठी ४४५ इंटरनेटला उघडावे लागत नाही. मोफत पर्याय हवा असल्यास 'आर-क्लोन' हा मुक्त-स्रोत प्रोग्राम शेअर्ड फोल्डर आणि गूगल ड्राइव्ह यांच्यात प्रती नेऊ शकतो. मात्र त्याच्या मांडणीच्या फाईलमध्ये ठेवलेले पासवर्ड केवळ अस्पष्ट केलेले असतात. त्या फाईलला वेगळा पासवर्ड लावल्याखेरीज त्यांस एन्क्रिप्टेड म्हणता येत नाही, ही बाब सूचनापत्र न वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

जोडणीची दिशा बदलल्याने अनोळखी चोराचा प्रश्न बराचसा मिटतो. परंतु ज्याच्या हाती क्लाउडवरील खाते आहे तो आता अनोळखी राहिलेला नसतो. त्याची मागणी गेटवे निष्ठेने पूर्ण करणार. त्या खात्याचा पासवर्ड फसव्या ई-मेलमधून गेला असेल तर चोराला राउटर फोडण्याची गरजच उरत नाही. गेटवेवर अधिकार असलेल्या प्रत्येक क्लाउड खात्याला द्विस्तरीय पडताळणी अनिवार्य असावी ती यासाठी. आणि येथूनच दुसरा, अधिक कठीण प्रश्न सुरू होतो.

फाईल कोणाच्या नावाने उघडते?

नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये एका छोट्या लेखात टाइमशेअर या कंपनीतील प्रसंग सांगितला आहे. तेथील एका संगणकावर प्रोग्राम भाषांतरित करणारा कंपायलर होता. आपल्या वापराची आकडेवारी नोंदविता यावी म्हणून त्यास यंत्रणेच्या विशेष फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच फोल्डरमध्ये ग्राहकांच्या बिलांची फाईलही होती. कंपायलर आपले निष्कर्ष वापरकर्त्याने सांगितलेल्या नावाच्या फाईलमध्ये लिहून देत असे. एका वापरकर्त्याने नाव म्हणून नेमके बिलांच्या फाईलचे नाव दिले. त्या वापरकर्त्यास ती फाईल उघडण्याचा अधिकार नव्हता. कंपायलरला मात्र होता. कंपायलरने आज्ञा पाळली आणि बिलांची माहिती पुसली गेली. येथे कोणी पासवर्ड चोरला नाही, कोणतेही कुलूप तुटले नाही. हार्डी यांनी या स्थितीस दिलेल्या नावाचा आशय मराठीत 'गोंधळलेला मुखत्यार' असा मांडता येईल. मुखत्याराकडे स्वतःचा मोठा अधिकार असतो, तो काम मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून करतो, आणि या क्षणी आपण कोणाचा अधिकार वापरीत आहोत याचे भान त्यास नसते.

गेटवे हा नेमका असाच मुखत्यार आहे. शेअर्ड ड्राइव्हवर वर्षानुवर्षे मांडलेली व्यवस्था अशी असते की लेखा विभागाचा फोल्डर लेखापालास उघडतो, परीक्षा विभागाचा फोल्डर त्या विभागातील दोघा-तिघांनाच. ही व्यवस्था सर्व्हर पाळतो, कारण कोण दार ठोठावीत आहे हे त्यास ठाऊक असते. क्लाउड जोडणीनंतर दार ठोठावणारा नेहमी एकच असतो : गेटवेला दिलेले खाते. आता समजा, जोडणी करताना 'अडचण नको' म्हणून त्यास प्रशासकाचे खाते देण्यात आले. ही सोय इतकी प्रचलित आहे की तिला गैरव्यवहार म्हणणेही कठीण. परिणाम असा होतो की ज्या कर्मचाऱ्यास आपल्या संगणकावरून परीक्षा विभागाचा फोल्डर उघडत नाही, त्यालाच क्लाउडवरील मार्गाने तो वाचता येतो. सर्व्हरच्या दृष्टीने सारे नियमात असते.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याने ऑनलाइन अर्ज भरावा, क्लाउडवरील स्वयंचलित प्रक्रियेने अनुक्रमांकावरून शेअर्ड ड्राइव्हवरील त्याची गुणपत्रिका शोधावी व ई-मेलने पाठवावी, अशी सोय एखाद्या महाविद्यालयाने केली. सोय उपयुक्त आहे. परंतु अर्जातील अनुक्रमांक जसाच्या तसा फाईलच्या नावात बसविला जात असेल, तर फाईलचे नाव कोणते असावे हे आता विद्यार्थी ठरवितो. शेजारच्या विद्यार्थ्याचा अनुक्रमांक घातला की त्याची गुणपत्रिका. आणि अंकांऐवजी वरच्या फोल्डरकडे नेणारी चिन्हे घातली व ती गाळली गेली नाहीत, तर कदाचित प्रश्नपत्रिकांचा फोल्डर. हार्डी यांच्या कंपायलरची कथा येथे जशीच्या तशी घडते. उपाय दोन पातळ्यांवर करावा लागतो. अर्ज करणाऱ्याची ओळख त्याच्या महाविद्यालयीन ई-मेल खात्यावरून ठरवावी, त्याने टंकलेल्या अंकावरून नव्हे. आणि मुखत्याराच्या हाती मुळात तेवढेच कागद द्यावेत जेवढे या कामासाठी लागतात.

या दुसऱ्या उपायाचे तत्त्व जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडले होते : प्रत्येक प्रोग्रामने व प्रत्येक वापरकर्त्याने काम पूर्ण होण्यास आवश्यक अशा किमान अधिकारांवर चालावे. व्यवहारात त्याचा अर्थ असा की गेटवेसाठी स्वतंत्र खाते निर्माण करावे. ते कोणाही व्यक्तीचे नसावे आणि त्या खात्याने संगणकावर बसून लॉग-इन करता येऊ नये. संपूर्ण ड्राइव्ह न जोडता 'देवाणघेवाण' अशा नावाचा एक वेगळा फोल्डर करावा आणि खात्यास केवळ त्यावर अधिकार द्यावा. विंडोजमध्ये अधिकार दोन ठिकाणी तपासले जातात, सामायिक करण्याच्या पातळीवर व डिस्कवरील फोल्डरच्या पातळीवर, आणि दोहोंपैकी जे अधिक कडक तेच लागू होतात. वाचणे पुरेसे असेल तेथे लिहिण्याचा अधिकार देऊ नये. परीक्षा विभागाची जी फाईल क्लाउडवर जावयाची असेल ती जबाबदार व्यक्तीने स्वतः देवाणघेवाणीच्या फोल्डरमध्ये ठेवावी. या एका पायरीमुळे थोडे श्रम वाढतात हे खरे. पण 'ही फाईल बाहेर जाऊ द्यावी का' हा निर्णय पुन्हा माणसाच्या हाती येतो, आणि महाविद्यालयाच्या दृष्टीने हे श्रम वाया गेलेले नाहीत.

हेच मोजमाप क्लाउडच्या बाजूलाही लावावे. गूगल ड्राइव्हशी जोडताना प्रोग्रामला संपूर्ण ड्राइव्हचा अधिकार देता येतो, तसाच केवळ त्या प्रोग्रामने स्वतः निर्माण केलेल्या फाईलींपुरताही देता येतो. परवानगीचा पडदा समोर आला की न वाचता 'मान्य' दाबण्याची सवय येथे महाग पडते.

आणखी एक बाब तपासून पाहावी लागते. फाईल क्लाउडवर गेल्यावर तिच्यावरील जुने अधिकार तिच्यासोबत जातात काय? अ‍ॅझ्युर फाइल सिंक विंडोजचे अधिकार फाईलसोबत नेतो. गूगल ड्राइव्हवर प्रत चढविली की मात्र ते अधिकार मागेच राहतात आणि ज्या फोल्डरमध्ये ती पडली त्याचे सामायिकीकरण तिला लागू होते. तो फोल्डर 'दुवा असणाऱ्या कोणालाही' खुला असेल, आणि अहवालातील पुराव्यांसाठी असे फोल्डर अनेकदा खुले केलेले असतात, तर जातप्रमाणपत्रांची यादी जाहीर झाल्यासारखीच समजावी. अलीकडे अंतर्गत फाईलींची सूची करून प्रश्नांची उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आले आहेत. पूर्वी चुकून खुली राहिलेली फाईल ढिगाऱ्यात दडून राहत असे. आता कोणी साधा प्रश्न विचारला तरी ती वर येऊ शकते. जोडणीपूर्वी अधिकारांची झाडाझडती घेण्याचे महत्त्व त्यामुळे वाढले आहे.

सिंक आणि बॅकअप

जोडणी झाली म्हणजे फाईलींची दुसरी प्रत सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. सिंक म्हणजे दोन्ही बाजू सारख्या ठेवणे. एका बाजूची फाईल पुसली की दुसऱ्या बाजूचीही पुसली जाते. एका बाजूस खंडणीखोर प्रोग्रामने फाईली कुलूपबंद केल्या की काही मिनिटांत दुसऱ्या बाजूसही त्याच निरुपयोगी फाईली पोहोचतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाईल ३० दिवस राहते आणि त्यानंतर संस्थेच्या प्रशासकास ती परत आणण्यासाठी आणखी २५ दिवस मिळतात. ही मुदत पुरेशी वाटते. पण उन्हाळी सुट्टीच्या आरंभी पुसलेला फोल्डर प्रवेशप्रक्रिया मार्गी लागल्यावर आठवला तर ती संपलेलीही असू शकते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला हल्ला या संदर्भात बोलका आहे. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि अनेक दिवस रुग्णांची नोंद हाताने करावी लागली. हल्ला शक्य होण्याचे कारण म्हणून सरकारने राज्यसभेतील उत्तरात जाळ्याच्या अयोग्य विभागणीचा निर्देश केला. विद्यार्थ्यांची संगणक प्रयोगशाळा, वाय-फाय आणि कार्यालयाचा सर्व्हर एकाच जाळ्यात असणे हे महाविद्यालयांतील त्याच दोषाचे रूप होय. गेटवेचा संगणक केवळ सर्व्हरशी आणि इंटरनेटशी बोलू शकेल, प्रयोगशाळेशी नाही, अशी विभागणी साध्या व्यवस्थापनक्षम स्विचनेही साधते.

मर्स्कच्या प्रकरणातील एक तपशील येथे नोंदविण्याजोगा आहे. जगभरातील ओळख-पडताळणीचे सर्व्हर एकमेकांशी जुळवून ठेवलेले असल्यामुळे एकदमच नष्ट झाले. वाचला तो घानामधील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. म्हणजेच जी प्रत जोडलेली नव्हती तीच उपयोगी पडली. आठवड्यातून एकदा बाह्य डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवणे हा प्रकार जुनाट वाटला तरी त्यास पर्याय नाही.

नोंदी आणि कायदा

गेटवेमुळे सर्व्हरच्या नोंदवहीत सर्व फाईली एकाच खात्याने उघडल्याचे दिसते. प्रत्यक्ष मागणी कोणी केली हे क्लाउडच्या नोंदीतच सापडते. दोन्ही नोंदी जुळविल्याशिवाय चौकशी पुढे सरकत नाही, आणि दोन्हीकडील घड्याळे जुळत नसतील तर नोंदीही जुळत नाहीत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे या बाबी आहेत.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम क्लाउड कंपनीकडे सोपविले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते, ही त्यातील महाविद्यालयांच्या दृष्टीने मुख्य तरतूद. वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : १८ वर्षांखालील विद्यार्थी या कायद्याने 'बालक' ठरतो आणि त्याच्या माहितीस वेगळे संरक्षण आहे. अकरावी-बारावीच्या याद्या वरिष्ठ महाविद्यालयाच्याच फोल्डरमध्ये मिसळून ठेवण्याची पद्धत यापुढे अडचणीची ठरेल.

देखभालीचे प्रश्न

गेटवे ज्या संगणकावर बसवावयाचा तो कोणाचा रोजच्या वापराचा नसावा. विंडोज १० साठीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. कार्यालयात अडगळीत पडलेला जुना संगणक या कामासाठी काढणे म्हणजे सर्वांत नाजूक जागी सर्वांत कमकुवत पहारेकरी बसविणे होय. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी आवश्यक करण्यात आली, आणि त्यामुळे काही जुनी साठवण-यंत्रे नव्या संगणकावरून उघडेनाशी झाली. अशा वेळी स्वाक्षरीची अट बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, ते शक्य नसेल तर यंत्र बदलावे.

कार्यालय बंद करताना मुख्य बटण बंद करण्याची शिस्त चांगली असली तरी गेटवेचा संगणक त्या बटणावर असू नये. जोडणी रोज सायंकाळी तुटते व सकाळी अर्धवट जुळते, याचे कारण तांत्रिक समजून कित्येक दिवस शोध चालतो. खात्याचा पासवर्ड बदलला की गेटवेमध्येही तो बदलावा लागतो. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे, एकाच दिवशी असावीत.

मायक्रोसॉफ्टचा गेटवे बसविताना एक पुनर्प्राप्ती-कळ ठरवावी लागते. संगणक बिघडला तर नव्या संगणकावर तोच गेटवे पुन्हा उभा करण्यासाठी ती लागते. ती हरविली तर सर्व जोडण्या मुळापासून बांधाव्या लागतात. ही कळ सामान्यतः बसविणाऱ्या तंत्रज्ञाच्या भ्रमणध्वनीत किंवा कंत्राटी प्रयोगशाळा सहायकाच्या वहीत असते, आणि तो दुसरीकडे रुजू झाला की तिच्याबरोबरच जाते. ती कागदावर लिहून, मोहोरबंद पाकिटात, प्राचार्यांच्या ताब्यातील तिजोरीत ठेवावी आणि पदभार हस्तांतराच्या यादीत किल्ल्या, शिक्के व धनादेश पुस्तिका यांच्या खाली तिची स्वतंत्र नोंद घ्यावी.